दिवाळीआधीची गळती

बारावीचा निकाल लागला की गुणवत्ता याद्या, कटऑफ आणि रिकाम्या जागांच्या बातम्या महिनाभर पुरतात. प्रवेश आटोपले की त्याही थांबतात. पुढे प्रथम वर्षाच्या वर्गात काय होते, ते हजेरीपत्रकालाच ठाऊक. जुलैत बाक पुरत नाहीत. ऑक्टोबरात मागच्या रांगा मोकळ्या. कुणी गोदामात कामाला लागले, कुणी पोलीस भरतीच्या अकादमीत गेले, कुणाचे लग्न ठरले, तर कुणी नुसतेच यायचे थांबले. किती गेले आणि का गेले, हे विचारण्याची जबाबदारी मात्र कुणावरच नाही.

शाळेतून मूल गळाले तर यू-डायसच्या अहवालात त्याची टक्केवारी येते. उच्च शिक्षणाचे अखिल भारतीय सर्वेक्षण मात्र पट मोजते. २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी होते आणि प्रवेशाचे प्रमाण २८.४ टक्के होते. नव्या शैक्षणिक धोरणाला ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यायचे आहे. आत किती आले आणि किती उत्तीर्ण झाले, हे त्यात कळते; मधेच किती गळाले, ते नाही.

याच धोरणाने वर्ष पूर्ण करून थांबणाऱ्याला प्रमाणपत्र देऊ केले, मिळवलेली क्रेडिट्स जपून ठेवण्याची सोय केली. परतीची वाट खुली राहिली, हे चांगलेच. पण जो पहिल्या सत्राचा परीक्षा फॉर्मच भरत नाही, त्याच्या खात्यात जमा काय होणार? शिवाय मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एईसी, आयकेएस ही विषयगटांची नावे उलगडण्यातच खेड्यातल्या मुलाचा पहिला महिना जातो. (प्राध्यापकांचाही जातो, पण ते तसे सांगत नाहीत.)

गळतीचे मोठे कारण पैसा आहे, आणि तो बहुधा फीचा नसतो. ग्रामीण मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत मिळतो. जूनमध्ये ती बी.ए.ला जाते आणि त्याच बसला, सवलतीत का होईना, पैसे मोजू लागते. राज्याने २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. खोलीभाडे आणि मेस मात्र उरतेच. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, रक्कमही बरी आहे. पण मेसवाला महिन्याचे पैसे आगाऊ मागतो आणि शिष्यवृत्तीचा हप्ता अनेकदा वर्ष सरत आल्यावर येतो. मधले महिने कुणी काढायचे? अशा वेळी संस्था आधार देऊ शकते. अमेरिकेत अटलांटातील जॉर्जिया स्टेट या सरकारी विद्यापीठाने २०११ पासून, किरकोळ थकबाकीपायी नाव कमी होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना छोटी अनुदाने देऊन रोखून धरले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात १९४७ साली महाविद्यालय काढले तेव्हा ‘कमवा आणि शिका’च्या बळावर गरिबांची मुले टिकली. म्हणजे हे आपल्याला नवे नाही. आज ती योजना ठिकठिकाणी आहे, पण प्रथम वर्षाच्या मुलाला तिचा पत्ता लागेपर्यंत जागा भरलेल्या असतात.

मुलगा दोन आठवडे दिसला नाही, हे आधी कुणाच्या लक्षात यावे? शिकवणाऱ्याच्या. पण पहिल्या वर्षाचे तास बहुतेकदा तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाच्या गळ्यात पडतात. त्याला तास संपवून दुसरे कॉलेज गाठायचे असते. चाळीस-पन्नास मुलांमागे एक पूर्णवेळ शिक्षक नेमा, घरी फोन करणे हा त्याच्या कार्यभाराचा भाग धरा आणि निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता ऑगस्टमध्ये द्या. यासाठी रिक्त पदे भरावी लागतील आणि सरकारला खर्च येईल. त्याला इलाज नाही.

एका गोष्टीला मात्र खर्चही नाही. प्रथम वर्षाला प्रवेश किती आणि पहिल्या सत्राचे परीक्षा फॉर्म किती, हे दोन्ही आकडे विद्यापीठांच्या संगणकांत आजच पडून आहेत. त्यांतला फरक महाविद्यालयवार, मुले-मुली आणि प्रवर्ग वेगळे दाखवून, दर जानेवारीत अधिसभेपुढे ठेवावा आणि संकेतस्थळावर टाकावा. नॅकच्या मूल्यांकनासाठी कपाटे भरून फायली रचणाऱ्यांना हे एका दुपारचे काम आहे.