पावत्यांचा हिशेब, प्रदेशांचा अनुशेष

1975 साली युरोपीय समुदायाने प्रादेशिक विकास निधी उभारला, तो एका साध्या जाणिवेतून. सामायिक बाजारपेठेचे लाभ सर्वत्र सारखे झिरपत नाहीत. मागे पडलेल्या प्रदेशांना हात द्यावा लागतो. 1988 साली जाक दलोर यांच्या आयोगाने या व्यवस्थेला शिस्त लावली. बहुवार्षिक नियोजन, प्रदेशांची भागीदारी, आणि हा निधी राष्ट्रीय खर्चाला पर्याय नव्हे तर भर असला पाहिजे, हे दंडक तेव्हाचे.

2021 ते 2027 या कालखंडासाठी या धोरणाकडे सुमारे 392 अब्ज युरो आले. ज्या प्रदेशाचे दरडोई उत्पादन महासंघाच्या सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी, त्याला झुकते माप. वाटपाचा हा निकष न्याय्यच आहे. घोडे अडते ते नियंत्रणापाशी. मंजूर रक्कम मुदतीत खर्ची पडली नाही तर ती हातची जाते. म्हणून अधिकाऱ्यांचे चित्त खर्च उरकण्याकडे. लेखापरीक्षक पावत्या आणि निविदा तपासतात. रस्ता नियमानुसार झाला की नाही, हे त्यातून कळते; त्याच रस्त्याने गावातली तरुण मुले कायमची निघून गेली काय, हे कळत नाही. स्थानिक गरज आणि प्रत्यक्ष फलित यांवर भर द्यावा, असे फाब्रित्सिओ बार्का यांच्या अहवालाने 2009 सालीच सुचवले होते.

जुलै 2025 मध्ये आयोगाने 2028 पासूनच्या अंदाजपत्रकासाठी नवा प्रस्ताव मांडला. प्रादेशिक विकास आणि शेती यांचा पैसा प्रत्येक देशाच्या एकाच आराखड्यात एकत्र करायचा, आणि ठरलेले टप्पे गाठल्यावर तो द्यायचा. पावतीकडून उद्दिष्टाकडे जाणे स्वागतार्हच. परंतु टप्पा गाठणे म्हणजे फलित नव्हे. शिवाय किल्ल्या राजधानीच्या कमरेला गेल्या, तर कालाब्रियाची गरज रोमने आणि आंदालुसियाची माद्रिदने ठरवायची काय? प्रदेशांना सहभागी करून घेण्याची भाषा प्रस्तावात आहे. पण सल्ला विचारणे वेगळे आणि अधिकार देणे वेगळे. डिसेंबर 2022 मध्ये कायद्याच्या राज्याबाबतच्या आक्षेपांवरून हंगेरीचे सुमारे 6.3 अब्ज युरो रोखण्यात आले. कारवाई आवश्यकच होती. तथापि चूक बुडापेस्टची आणि झळ मागास प्रदेशांना, हा धोका तिच्यात होताच. सारा पैसा राजधानीतूनच वाहू लागला तर तो वाढेल.

म्हणून सुधारणा हवी ती दुहेरी: पैसा फलितावर द्यावा, आणि आराखड्यावर प्रदेशाची स्वतःची सही असावी. ज्यांच्या नावाने निधी येतो, त्यांनाच हिशेब विचारण्याचा हक्क नसेल, तर लेखापरीक्षण कितीही काटेकोर असो, नियंत्रण अपुरेच राहील.