विश्लेषण : लिनक्सचा नवा कर्नल कधी घ्यावा?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि नागपूरहून निघालेला ट्रक थेट भिवंडी तालुक्यात, मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे परिसरापर्यंत येऊ लागला. गोदामांच्या या पट्ट्यात बारकोड, चलन, ई-वे बिल असे बरेच काम संगणकावर अवलंबून असते. सर्व्हर तासभर बंद पडला, तरी मालाची चढ-उतार अडते. अशा कामाच्या सर्व्हरवर लिनक्स सर्रास वापरले जाते. त्यामुळे त्याचा कर्नल कधी बदलायचा, हा प्रश्न धंद्याचाही ठरतो.

कर्नल म्हणजे काय?

कर्नल हा संगणकप्रणालीचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क यांचा वापर कोणत्या प्रोग्रामने किती करायचा, हे तो ठरवतो. त्यात त्रुटी राहिली तर वरच्या सगळ्या सॉफ्टवेअरला धोका पोहोचतो.

‘नवा’ म्हणजे नेमके काय?

लिनक्सची नवी आवृत्ती साधारण ९ ते १० आठवड्यांनी येते. त्यातील काही आवृत्त्या दीर्घ मुदतीच्या ठरवून त्यांना अनेक वर्षे दुरुस्त्या पुरवल्या जातात. १७ नोव्हेंबर २०२४ रोजी आलेली ६.१२ ही त्यापैकी एक. ६.१२ नंतर येणारा तिसरा आकडा वाढला, तर ती दुरुस्ती, ६.६ वरून ६.१२ वर जाणे, हा मोठा बदल. हे दोन्ही निर्णय वेगळे असून त्यांची गल्लत होते.

थांबण्यात धोका कोणता?

‘सीव्हीई-२०२४-१०८६’ ही त्रुटी कर्नलमधील नेटवर्क गाळणीच्या भागात होती. तिची दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये झाली. मार्चअखेर तिचा गैरफायदा घेणारा कोड जाहीर झाला. मे महिन्यात अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा यंत्रणेने तिचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर होत असल्याचे नोंदवले. साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून थेट ‘रूट’चे, म्हणजे संपूर्ण, अधिकार मिळवून देणारी ही त्रुटी होती. दुरुस्ती उपलब्ध असतानाही ती न घेणारे उघड्यावर राहिले.

मग लगेच घ्यावा का?

घाईचेही मोल द्यावे लागते. ९ डिसेंबर २०२३ रोजी डेबियन १२.३ येणार होते. मात्र त्यातील ६.१.६४ या कर्नलमुळे ‘ईएक्सटी४’ फाइलप्रणालीतील माहिती बिघडू शकते, हे लक्षात आले. प्रकाशन थांबवून दुसऱ्या दिवशी थेट १२.४ देण्यात आले. म्हणजे तिसरा आकडा वाढवणारी छोटी दुरुस्तीही चुकू शकते.

निर्णय कसा घ्यावा?

सुरक्षा दुरुस्ती काही दिवसांतच घ्यावी, पण सगळ्या यंत्रांवर एकदम नको. आधी बॅकअप, मग कमी महत्त्वाच्या एका यंत्रावर चाचणी आणि नंतर बाकीची यंत्रे. बूट मेन्यूत जुना कर्नल ठेवावा. बिघाड झाल्यास त्यावर परतता येते. नवा कर्नल बसवला तरी यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत जुनाच चालू असतो. म्हणून रीस्टार्टची वेळ गाड्यांची वर्दळ कमी असताना आधीच ठरवून ठेवावी. मोठ्या आवृत्तीकडे जाण्यास मात्र कारण हवे : नवे हार्डवेअर जुन्या कर्नलवर चालत नाही, आवश्यक सुविधा त्यात नाही किंवा दुरुस्त्यांची मुदत संपत आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या ४.१९ ची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपली.

आकडा जुना म्हणजे कर्नल असुरक्षित?

तसे नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ चा कर्नल ४.१८ असा दिसतो. पण नंतरच्या सुरक्षा दुरुस्त्या कंपनी त्यातच उतरवते. त्यामुळे आकड्यापेक्षा वितरकाच्या सुरक्षा सूचना आणि पाठिंब्याची अखेरची तारीख पाहावी.

मोबाइलचे काय?

अँड्रॉइड फोन आणि गोदामांतील अनेक हँडहेल्ड स्कॅनर यांच्याही गाभ्यात लिनक्सच असते. तिथे कर्नल निवडण्याची मुभा सहसा नसते. दुरुस्ती उत्पादकाकडून येते. म्हणून सेटिंग्जमधील ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख तपासावी आणि नवे यंत्र घेताना अपडेट किती वर्षे मिळणार, हे किमतीइतकेच विचारावे.