चुरी म्हणजे वाळू नव्हे

‘‘साहेब, नदीची वाळू ती नदीची वाळू. ही दगडाची भुकटी, स्लॅबला धरायची नाही.’’ मिस्त्री असं म्हणाला की घरमालक गप्प बसतो. ज्याची हयात थापी चालवण्यात गेली, त्याचं म्हणणं झटकून टाकू नये हे खरं. पण तपासून जरूर पाहावं.

कृत्रिम वाळूचं काँक्रीट कच्चं असतं, हा पूर्वपक्ष. मग मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काय? त्याच्या काँक्रीटला दगड फोडून केलेली वाळू वापरली आणि 2002पासून त्यावरून अवजड ट्रक धावताहेत. नदीचा कण गोल, गुळगुळीत असतो; माल थापीखाली सरसर सरकतो. क्रशरचा कण कोनदार, तो शेजारच्या कणात अडकून बसतो. ताकदीला ते बरंच, पण माल जड लागतो. मग मिस्त्री काय करतो? बादलीभर पाणी जास्त ओततो. स्लॅब कच्चा होतो तो त्या बादलीने. आळ येतो वाळूवर. तिथे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन घालायला हवं होतं.

आता मिस्त्रीच्या बाजूने. त्याने आयुष्यात जी ‘क्रश सँड’ पाहिली, ती बहुतेक वेळा वाळू नव्हतीच. खडी पाडताना क्रशरखाली साचते ती चुरी. जबड्याच्या क्रशरमध्ये दगड दाबाने चिरडतो आणि चपट्या कपच्या निघतात. त्यात पीठही भरपूर. ही चुरी ट्रकमध्ये भरून वाळूच्या नावाने विकणाऱ्यांनी या मालाची जेवढी बदनामी केली, तेवढी वाळूमाफियालाही जमली नसती.

खरी वाळू पाडायचं यंत्र वेगळं. न्यूझीलंडच्या बार्टली आणि मॅकडोनाल्ड यांनी त्याला आकार दिला. दोघांच्या नावांतून ‘बारमॅक’ हे नाव झालं. आपल्याकडे त्याला व्हीएसआय म्हणतात. उभ्या आसाभोवती गरगरणारा रोटर खडीला सेकंदाला 50-60 मीटर वेगाने भिरकावतो. कडेला दगडांचाच थर बसलेला असतो. त्यावर आपटून दगडाने दगड फुटतो, कडा झिजतात आणि कण चौकोनी होतो. पुढे चाळणी, आणि पीठ काढायला धुलाई किंवा हवेचा झोत. ही शेवटची पायरी पैसे वाचवायला गाळली की पुन्हा चुरीच हाती येते.

आय.एस. 383 या भारतीय मानकाच्या 2016च्या आवृत्तीत 75 मायक्रॉनहून बारीक पीठ फोडलेल्या वाळूत 15 टक्क्यांपर्यंत चालतं. नदीच्या वाळूत 3 टक्केच. हा पक्षपात नव्हे. नदीतला बारीक अंश बहुधा चिकणमाती असतो, इथला दगडाचाच. आणि नदीची वाळू तरी सोवळी कुठे? खाडीची मिठाळ वाळू न धुता वापरली की आतली सळई गंजते.

‘‘नदी वाचवून डोंगर पोखरायचा का?’’ हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. खाणीचे व्रण राहतात, क्रशरची धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते. पण खडीसाठी डोंगर फुटतोच आहे. निदान त्या खाणीला हद्द आखता येते, धुळीवर पाण्याचे फवारे बसवता येतात. नदीचं पात्र रात्री जेसीबीने उपसलं की काठच्या विहिरी आटतात, आणि त्या विहिरींना कुठला फवारा लावणार?

राज्य सरकारने 2025मध्ये कृत्रिम वाळूचं धोरण आणलं, स्वामित्वधन ब्रासला 600 रुपयांवरून 200 केलं. ठीक. पण सवलत ‘वाळू’ या शब्दाला नको. व्हीएसआय आणि धुलाई असलेल्या, दर खेपेचा चाळणी अहवाल देणाऱ्या क्रशरलाच हवी.

तोवर घर बांधणाऱ्याने एवढं करावं: ट्रक रिकामा होण्याआधी अहवाल मागावा, आणि चालक ‘‘अहो, क्रश सँडच आहे’’ म्हणाला तर ट्रक तसाच परत पाठवावा.