कमलाताईंचे ऋण

इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत १९३३ साली मुंबईहून बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्या, तेव्हा केवळ मुलगी म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत; त्यांनी प्रवेश मिळवलाच. त्यांचे काम पाहून संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट, मुंबईत सोहोनींच्या घरचा संसार, दोन मुलगे, नीरा या पेयावरचे संशोधन. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेसाठी स्वयंसेवेचे व्रत घेतले. ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात लिहिले, १९८२-८३मध्ये त्या संस्थेचे अध्यक्षपद सांभाळले. १९९८मध्ये त्या गेल्या. कमलाताईंसारख्या परगावी रुजून इतरांसाठी झटणाऱ्या आया बेंगळुरूच्या मराठी घरांतही आहेत. वाचकहो, या आयांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐका आणि आजच लिहून ठेवा.