मेलेली शेळी काय सांगते?

‘मेलेली जनावरं फाडायची? शी बाई! मुलीच्या जातीला हे कसलं शिक्षण?’ पशुवैद्यकीय पदवी घेतलेली मुलगी पुढे ‘विकृतिशास्त्र’ हा विषय घेते म्हणाली, की घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यापेक्षा कुत्र्यामांजरांचा छानसा दवाखाना काढ, चार लोकांत नाव होईल, असा सल्ला मिळतो. दवाखाना काढण्यात वाईट काहीच नाही. पण ज्या विषयाला आपण नाक मुरडतो तो आहे तरी काय, हे एकदा समजून घ्यायला हवं.

रोगाने शरीरात नेमकं काय बिघडवलं ते शोधणं, म्हणजे विकृतिशास्त्र. मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन करायचं, यकृत, फुप्फुसं, आतडी नीट पाहायची. त्यांचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचे, मग मेणात बसवून कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. जिवंत जनावराच्या अंगावरची गाठ साधी की कर्करोगाची, हेही हीच मंडळी सांगतात. आणि जी हे शिकवते, ती पुढच्या कितीतरी डॉक्टरांना बघायला शिकवते.

याचा आपल्या संसाराशी काय संबंध, असं वाटेल. बचत गटाचं कर्ज काढून कुणी पाच शेळ्या घेतल्या आणि एक दिवस सकाळी त्यातली एक मरून पडलेली दिसली, तर काय होतं? शेजारीण म्हणते नजर लागली, सासूबाई म्हणतात पान लागलं. शेळी पुरली जाते. चार दिवसांनी दुसरी जाते. हप्ता मात्र चुकत नाही!

पहिल्याच शेळीचं शवविच्छेदन झालं असतं तर? आंत्रविषार असता तर खाण्यात अचानक झालेला बदल, एकदम मिळालेलं भरपूर धान्य, याकडे बोट दाखवता आलं असतं. पीपीआर असता तर आजारी शेळ्या ताबडतोब वेगळ्या बांधायला हव्या होत्या, कारण तो एकीचा दुसरीला लागतो. दोन्ही रोगांवर लस आहे, पण आज गोठ्यात करायचे उपाय वेगवेगळे. कारणच कळलं नाही तर उपाय तरी कशावर करणार?

गाईचं उदाहरण तर थेट आपल्या स्वयंपाकघरातलं आहे. भाजीची देठं, सालं गाईपुढे टाकताना त्यात एखादी टाचणी, सुई, तारेचा तुकडा जातो. गाय खाताना फार चावत नाही, भराभर गिळते. ती तार जाळीच्या पोटात अडकते. तिथून हृदय अगदी जवळ, मध्ये फक्त एक पडदा. तार टोचत टोचत हृदयापर्यंत पोचते, भोवती पू होतो, छातीपाशी सूज येते, गाय चारा सोडते. तोवर बहुधा फार उशीर झालेला असतो. शवविच्छेदनात ती तार हाती लागली, की दुसऱ्या गाईपुढे टाकायची टोपली आपण निवडून बघतो.

हे काम गोठ्यापुरतंही राहत नाही. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये माणसांना मेंदूज्वर होऊ लागला. सरकारी यंत्रणेने एका ओळखीच्या विषाणूचं नाव जाहीर केलं. पण त्याच दिवसांत शहरात कावळे मरत होते. ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातल्या पशुविकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा मेलेले पक्षी तपासत होत्या. तो विषाणू पक्ष्यांना असा मारत नाही, तेव्हा हे दुसरंच काही आहे, हे त्यांनी लावून धरलं. अखेर निघाला वेस्ट नाईल विषाणू, अमेरिकेत तोवर कधीच न सापडलेला. आपल्याकडची गिधाडं दिसेनाशी झाली, त्याचं कारणही मेलेल्या गिधाडांच्या पोटातच सापडलं. त्यांच्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर होता. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने, ती जनावरं मेल्यावर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि २००६ साली भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं.

काम सोपं आहे असं मी म्हणणार नाही. वास येतो, अंगमेहनत असते, संसर्गाची भीती असते, आणि ‘डॉक्टरीणबाईंनी आमची गाय वाचवली’ असं कुणी म्हणत नाही. पण शिक्षणाची सोय आपल्याकडे जुनी आहे. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. बारावीनंतर ‘नीट’ द्यायची, साडेपाच वर्षांची पदवी आणि मग दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. पुढे महाविद्यालयात अध्यापन, रोगनिदान प्रयोगशाळा, औषध आणि लस कंपन्या असे रस्ते आहेत. नखं रंगवलेल्या हातांनाही सूक्ष्मदर्शक हाताळता येतो. बाईच्या जातीला न झेपणारं यात काही नाही. बाळंतपणापासून आजारपणापर्यंत घरात घाण, रक्त, वास निस्तरायला बाईच लागते, तेव्हा नाही कुणी शी म्हणत!

मैत्रिणींनो, गोठ्यात जनावर अचानक मेलं, तर पुरायची घाई करू नका. सरकारी दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा. उन्हाळ्यात काही तासांतच शव कुजू लागतं आणि काही दिसेनासं होतं. काय खायला घातलं ते सांगा, उरलेला चारा दाखवा. विमा असेल तर भरपाईसाठी कानातला बिल्ला आणि शवविच्छेदनाचा दाखला लागतोच. मात्र स्वतः जनावर फाडू नका. नाकातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर फाशी रोगाचा संशय असतो. असं शव कुणीच उघडायचं नाही, कातडंही काढायचं नाही. तो माणसालाही होतो आणि त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात.

आणि घरातली लेक हा विषय घेते म्हणाली, तर निदान ‘शी’ म्हणू नका. गावोगावच्या गोठ्यांतल्या उरलेल्या चार शेळ्या तिच्यासारखीच्याच भरवशावर आहेत.