परदेशातलं शहर निवडताना शेवटचा रकाना

हल्ली आपल्या बुऱ्हाणपुरातल्या घरांतही एक नवा प्रश्न ऐकू येतो. नोकरी लॅपटॉपवर आहे, मग पुण्यातच का राहायचं? दुबई, बँकॉक, लिस्बन का नको? माझ्या भाच्याने विचारलं, "मामा, तुम्ही जन्मभर हिशेब केलेत, सांगा, कुठलं शहर स्वस्त?" माझं मत असं, की स्वस्ताईचा प्रश्न चौथा-पाचवा येतो.

बँकेत असताना दर तीन-चार वर्षांनी बदली ठरलेली. ऑर्डर हातात पडली की आम्ही घरभाडं नंतर विचारायचो. आधी पाणी, शाळा, दवाखाना आणि स्टेशन किती लांब. जहांगीराच्या काळात इथे छावणी घालून बसलेल्यांनीही आधी पाणीच पाहिलं, म्हणून तर कुंडी भंडारा झाला. परदेशातल्या शहरालाही हाच तक्ता लावावा, फक्त रकाने थोडे बदलतात.

पहिला रकाना परवानगीचा. पर्यटक म्हणून जाऊन तिथे गुपचूप काम करत बसणं मला पटत नाही. पोर्तुगालने 2022 मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी व्हिसा काढला. त्याला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवावी लागते. 2025 च्या दराने ती महिना 3,480 युरो, म्हणजे तीन लाखांच्या वर. दुबईची अट महिना 3,500 डॉलर. थायलंडच्या 2024 च्या व्हिसाला पाच लाख बाहत शिल्लक दाखवावी लागते. जपानच्या यादीत तर भारताचं नावच नाही. आपल्याकडची बरीच मुलं याच चाळणीत गळतात.

दुसरा रकाना घड्याळाचा. पुण्याचं ऑफिस साडेनऊला सुरू झालं, तर दुबईत आठ वाजलेले असतात, बँकॉकमध्ये अकरा आणि हिवाळ्यात लिस्बनला पहाटेचे चार! पण साहेब न्यूयॉर्कचा असेल, तर हिशेब उलटतो. त्याचे सकाळचे नऊ म्हणजे लिस्बनचे दुपारचे दोन आणि हिवाळ्यात बँकॉकचे रात्रीचे नऊ. तेव्हा शहर चांगलं की वाईट, हे साहेब कुठे बसतो त्यावर ठरतं.

तिसरा रकाना कराचा. दुबईत पगारावर आयकर नाही. थायलंडमध्ये वर्षात 180 दिवस भरले की कराच्या दृष्टीने तिथले रहिवासी धरतात, पोर्तुगालमध्ये 183 दिवसांवर गेलं की. आपल्याकडे साधारण नियम 182 दिवसांचा. पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या तारखा वहीत मांडून ठेवा. निघण्याआधी सीएला विचारा आणि कंपनीकडून लेखी परवानगी घ्या. तोंडी 'हो'ला काही किंमत नसते, हे मी बँकेत चाळीस वेळा पाहिलंय.

यानंतर भाडं, शाळा, आरोग्य विमा. ही माहिती मुलं मोबाईलवर बरोबर काढतात, त्यात म्हाताऱ्याने काय सांगावं?

पण एक रकाना कुठल्याच यादीत मला दिसला नाही. रात्री घरून फोन आला, तर किती तासांत पोचाल? भाच्याची आई, माझी ताई, इथे एकटी असते. दुबईहून मुंबई विमानाने तीन तास आणि पुढे एका रात्रीची रेल्वे. लिस्बनहून विमान बदलत यायचं, दीड-दोन दिवस सहज जातात. तिकिटाचे पैसे बाजूला ठेवता येतात, वेळ बाजूला ठेवता येत नाही.

म्हणून मी त्याला स्पष्ट सांगितलं, साहेब पुण्यातला आहे, आई बुऱ्हाणपुरात आहे, तर जायचंच असेल तेव्हा दुबई, तेही एकच वर्ष. पुण्याचं घर सोडू नकोस. आणि त्याआधी दोन महिने इथूनच काम करून बघ. ताईचा वरचा मजला रिकामाच आहे. हे ऐकून तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

जायला माझा विरोध नाही. तरुणपणी बदल्या झाल्या नसत्या, तर मी गावाबाहेरचं जग पाहिलंच नसतं. फक्त तक्ता पूर्ण भरून जा. तुमची मुलं-सुना या शहरांत राहून काम करत असतील, तर खाली जरूर लिहा. भाड्याचा आकडा नको, आजारपणात कोण धावून आलं ते लिहा.