घरचा संग्रह, घरची मालकी

एकेकाळी अनेक घरांत ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि पुस्तके यांचे एक कपाट असे. त्यातील वस्तू मोजक्याच असत. परंतु त्या घराच्या असत. आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर असंख्य गाणी व चित्रपट क्षणात उपलब्ध होतात. मात्र मासिक शुल्क थांबताच ते सारे दिसेनासे होते. निर्मात्याशी असलेला कंपनीचा करार संपला, तर शुल्क भरणाऱ्यालाही काल पाहिलेला चित्रपट आज सापडत नाही. सोय वाढली, मालकी मात्र हातून गेली.

विकत घेतलेल्या वस्तूचीही शाश्वती उरलेली नाही. २००९ साली ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' या कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या 'किंडल' वाचनयंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. त्या विकणाऱ्या प्रकाशकाकडे अमेरिकेतील हक्क नव्हते आणि ग्राहकांना पैसेही परत मिळाले. तरीही घरात आलेले पुस्तक दुकानदार न विचारता उचलून नेऊ शकतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

या परावलंबनावर मुक्तस्रोत प्रणाली हा एक उपाय आहे. जिची मूळ संहिता कोणालाही वाचता, सुधारता आणि इतरांना देता येते, ती मुक्तस्रोत प्रणाली होय. 'जेलीफिन' ही अशीच एक विनामूल्य प्रणाली. घरातील एखाद्या संगणकावर ती बसवली, की त्यावर साठवलेली गाणी, चित्रपट व छायाचित्रे यांची ती सूची तयार करते. मग घरातील दूरचित्रवाणी संच किंवा भ्रमणध्वनी मागणी करील, तसे ते दृश्य वा गीत त्या उपकरणाकडे पाठवले जाते.

तिचा जन्मही बोधप्रद आहे. 'एम्बी' या प्रणालीच्या चालकांनी २०१८ मध्ये पुढील आवृत्त्यांची संहिता खुली न ठेवण्याचे ठरवले. परंतु आधीची संहिता मुक्त परवान्याखाली दिलेली होती. त्याच वर्षी डिसेंबरात स्वयंसेवकांनी ती घेऊन जेलीफिनचे काम सुरू केले. चालकांचे मन बदलले, तरी लोकांना एकदा मिळालेला हक्क टिकून राहिला.

हा मार्ग कष्टाविना साधत नाही, हा आक्षेप रास्त आहे. संगणकाची तबकडी बिघडू शकते. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी लागते. प्रणाली वेळोवेळी अद्ययावत करावी लागते. शिवाय प्रणाली मुक्त असली, तरी तीत ठेवलेला चित्रपट मुक्त होत नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षे टिकतो. चोरलेल्या प्रतींचा साठा करणे म्हणजे स्वावलंबन नव्हे.

तरीही हे कष्ट सार्थकी लागतात. आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या, लग्नाचे चित्रीकरण, गावच्या जत्रेतील भजन हे कोणत्याही कंपनीच्या भांडारात विकत मिळणार नाही. ते जुन्या कॅसेटमध्ये विरून जाण्याआधी किंवा जुन्या भ्रमणध्वनीबरोबर हरवण्याआधी जतन झाले पाहिजे. नवे चित्रपट भाड्याने पाहण्यात गैर काही नाही. परंतु कुटुंबाची स्मृती भाड्याच्या जागेत ठेवू नये. तिचे कपाट आणि त्याची किल्ली घरातच असावी.